पाचव्या घराची भिंत

आमच्या तंजावरात त्या काळी घर बांधणाऱ्या माणसाला नकाशा कळत नसे, फक्त चित्र कळे. मी ड्राफ्ट्समन होतो, एका कंत्राटदाराकडे नकाशे काढून पोट भरत होतो, म्हणून हे छातीठोक सांगतो. कागदाच्या खालच्या अंगाला खोल्या, भिंती, जिने यांची आखणी असे आणि वरच्या अंगाला घराचं समोरचं रूप. गिऱ्हाईक आखणीवर पानाचं तबक ठेवी आणि वरच्या रूपाकडे डोळे भरून बघत बसे. खांब किती, कमानी किती, गच्चीच्या कठड्यावर कुंड्या किती, एवढं विचारून झालं की नकाशा पसंत. आत माणसं कुठं झोपणार, चुलीचा धूर कुठून जाणार, पावसाचं पाणी कुठं तुंबणार, हे कुणी विचारलेलं मला आठवत नाही.

या शहाण्यांसाठी आमच्या धंद्यात एक युक्ती होती. समोरच्या रूपात दारापुढे एक घोडागाडी काढायची आणि घोडा मांजराएवढा ठेवायचा. घोडा मांजराएवढा झाला की घर आपोआप राजवाड्याएवढं दिसतं. मी अशी किती मांजरं जुंपली याची मोजदाद नाही. बघणाऱ्यांत बी. ए. होते, बी. एल. होते, सरकारी कचेरीत आकडे तपासणारे होते. घोड्याच्या मानानं दार तीन पुरुष उंच झालंय, हे एकाच्याही ध्यानात आलं नाही.

राज्य खालसा होऊन तोवर दोन पिढ्या उलटल्या होत्या. राजे गेले, राजवाड्यात पारवे आणि पोथ्या राहिल्या. कोटाच्या तटाचे दगड ज्याला हवे त्यानं नेले, खंदकात गावानं कचरा टाकून तो बुजवत आणला. कोटाबाहेर साहेबांचे बंगले उठले, लाल विटांच्या कचेऱ्या उठल्या, स्टेशनाकडे जाणारा सरळ रस्ता झाला. साहेबानं बंगला का बांधला हे मला कळू शकतं. त्याला शेजार नको होता, उकाडा सोसत नव्हता, म्हणून चारी बाजूंना बाग आणि मध्ये घर. आमच्या राजवाड्याभोवतीच्या गल्ल्यांतल्या मराठी मंडळींनी त्या बंगल्यातून काय उचलावं? बाग उचलता येत नव्हती, तेवढी जागा कुणाकडे होती? वारा उचलता येत नव्हता. मग त्यांनी खांब उचलले, आणि शेजार नको हेही उचललं.

आमच्या गल्लीत नऊ घरं. राजांच्या वेळी दरबारातल्या नऊ कारकुनांना एकदम दिलेली, एकाच गवंड्यानं एकाच धाटणीनं बांधलेली. रस्त्याकडे प्रत्येकाला लांब ओटा, ज्याला इथं तिण्णै म्हणतात. त्यावर संध्याकाळी पुरुष बसत, दुपारी कुणीही वाटसरू पाठ टेकी. दोन घरांमध्ये भिंत एकच, आणि त्या प्रत्येक सामाईक भिंतीत, मागच्या चौकाजवळ, वाकून जावं लागेल असं एक लहान दार. बायकांनी रस्त्यावर न येता या टोकापासून त्या टोकापर्यंत जावं म्हणून ती दारं ठेवलेली. विरजण, कढीलिंब, आजारपणाच्या बातम्या, भांडणं, सगळं त्या दारांतून जाई. कुणी पुरुष त्यातून जाताना दिसला तर गल्ली त्याला महिनाभर हसे.

आमचं घर पहिलं. माझी थोरली बहीण, अक्का, माझ्याजवळ असे. नवव्या वर्षी तिचं लग्न झालं, अकराव्या वर्षी नवरा गेला, पुढं रीतीप्रमाणे केस काढून तिला लाल आलवण नेसवलं. आईवडील गेल्यावर मला तिनंच वाढवलं. तिला देवनागरी वाचता येत होती. हे मुद्दाम सांगतो, कारण त्या नऊ घरांत वाचता येणारी ती एकटीच होती. पुरुषमंडळी आपले पूर्वज मराठी दरबारातले म्हणून छाती फुगवत, आणि मराठीची एक ओळ पुढं धरली की चष्मा विसरल्याचं सांगत. सही सगळ्यांची इंग्रजीत. मलाही जी चार अक्षरं येत होती ती अक्कानं शिकवलेली.

सकाळी दहाला पुरुष जेवून कचेरीला निघाले की नवव्या घरात बायका जमत. ते टोकाचं घर, त्याला बाजूचं मोकळं अंगण होतं. अक्का तिथं तासभर पोथी वाची आणि अडेल तिथं तमिळ शब्द घालून समजावी. उरलेला दिवस तिला आमच्या घरचा स्वयंपाक, पाणी आणि माझ्या बायकोचं बोलणं. तो एक तास मात्र तिचा होता. तिथं तिच्यासाठी पाट मांडलेला असे आणि ती आल्याशिवाय कुणी सुपारीही कातरत नसे.

तिथं पोचायला तिला ती दारं हवी होती. रस्ता तिच्यासाठी नव्हता. कामाला निघालेल्या पुरुषाला केस काढलेली विधवा समोर आली की अपशकुन. मग तो परत घरात शिरणार, घोटभर पाणी पिणार, थोडा टेकणार आणि नव्यानं निघणार. ही रीत आमच्याकडे सगळेच पाळत. इंग्रजी शिकलेले जरा जास्तच पाळत, कारण त्यांना बढत्या मिळायच्या असत.

पाचव्या घरात वकील राहत. आम्ही त्यांना मामा म्हणायचो, नातं काही नव्हतं. त्यांची वकिली बरी चालली आणि त्यांच्या डोक्यात बंगला शिरला. कोटाबाहेर जमीन घ्यायची तयारी नव्हती, तेव्हा आहे त्याच जागी बंगला करायचा ठरलं. पुढं पोर्टिको हवा, म्हणजे गाडीतून उतरणाऱ्याला ऊन लागू नये म्हणून असतो तो खांबांवरचा मांडव. आमची गल्ली इतकी अरुंद, की एका घोड्याचा जटकासुद्धा तोंडाशीच थांबे आणि उतारू पायी आत येई. कुठली गाडी त्या पोर्टिकोखाली येणार होती, हे मामांनी मला सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मी चार जाड खांब काढले, त्यांपुढे दोन घोड्यांची गाडी काढली, आणि मामा त्या घोड्यांकडे असे बघत राहिले, की आत्ता दाणा घालतात की काय.

आखणी करताना सामाईक भिंती मी सरळ काळ्या भरल्या. मामांना मधोमध दिवाणखाना हवा होता, साहेबलोक चहाला यायचे होते, आणि दिवाणखान्याच्या भिंतीला बायकांनी ताक घेऊन ये-जा करायचं भोक कसं शोभणार? मामांनी तसं सांगितलंही नव्हतं. मीच समजून घेतलं. धंद्यात राहून राहून मलाही समोरच्या रूपापलीकडे काही दिसेनासं झालं होतं.

तो कागद मी घरी जमिनीवर पसरून शाई भरत होतो. अक्का निवडणं टिपणं सोडून शेजारी येऊन बसली. खांबांकडे तिनं बघितलंच नाही. तिचं बोट खालच्या आखणीवर एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर गेलं.

‘‘दार कोठें आहे रे?’’ ती म्हणाली.

‘‘राहिलं असेल.’’

‘‘अलीकडलं बी नाही, पलीकडलं बी नाही. दोनी राहिलीं का?’’

गल्लीत नकाशा वाचता येणारं तेवढं एकच माणूस निघालं. मी म्हणालो, मामांना सांगतो.

‘‘सांग. खांब कितीबी बांधू देत. मज तेवढी वाट पुरे,’’ ती म्हणाली आणि उठून गेली.

दुसऱ्या दिवशी मी मामांकडे गेलो. त्यांनी चांदीच्या पेल्यात कॉफी दिली. खांबांची तारीफ केली. मग आवाज उतरवून म्हणाले, ‘‘बांधकाम खात्यात ड्राफ्ट्समनची जागा निघूंलाय म्हणतात. इंजिनिअरसाहेब माझ्या ओळखीचे. घर पुरं होऊ दे, तुझं बोलूं.’’ सरकारी नोकरी, कायमची, पेन्शनची. दाराचं वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं. मी ते कॉफीबरोबर गिळलं. घरी येऊन अक्काला सांगितलं की मामांना परोपरीनं विनवलं, ते ऐकत नाहीत. 

‘‘सरि,’’ ती म्हणाली. बरं, एवढाच त्याचा अर्थ.

काम सुरू झालं. तिण्णै फोडली. मागच्या चौकावर छप्पर घालून दिवाणखाना केला, त्यामुळे मामींना भर दुपारी दिवा लावून भाजी चिरावी लागे. हिरडा आणि गुळाचं पाणी घालून चुना घोटला, खांब आरशासारखे गुळगुळीत केले. त्या खांबांवर काही भार नव्हता, वरचा सज्जा आतल्या भिंतीनंच धरला होता, पण हे कुणाला सांगायचं? ती दोन दारं बुजवायला गवंड्याला अर्धी सकाळ पुरली. मी तिथं उभा होतो. माझी सही असलेला कागद बघून त्यानं विटा लावल्या.

गल्लीला बंगल्याचा आजार लागला. वर्षाच्या आत आणखी तीन घरांच्या तिण्ण्या जाऊन खांब आले. प्रत्येकाला शेजाऱ्यापेक्षा एक खांब जास्त हवा होता आणि प्रत्येकाचा नकाशा मीच काढला. आत हात घालण्याइतका पैसा कुणाकडे नव्हता, म्हणून त्यांची लहान दारं तेवढी वाचली. सातव्या घरातल्या हेडक्लार्कांनी तर जागाच नव्हती म्हणून दोन खांब भिंतीत अर्धे पुरून घेतले. लग्नाच्या वराती पूर्वी गल्लीतून सरळ जात, त्या आता खांबांना वळसे घालत जाऊ लागल्या.

अक्का घरात बसली. पहिल्या चार घरांतल्या सवाष्णींना अडचण नव्हती, त्या रस्त्यानं गेल्या. अडचण एकटीची होती. आधी दोन दिवस नवव्या घरच्या बायका आमच्याकडे आल्या. तिसऱ्या दिवशी माझी बायको त्यांच्यादेखत भांडी आपटू लागली, तेव्हा त्याही यायच्या थांबल्या. मी जोडे घालून बाहेर पडलो. दहा वाजले की अक्का पोथीचं फडकं सोडायची, पुन्हा बांधायची आणि चुलीपुढे जायची. असे आठ-दहा महिने गेले. तिची भूक कमी झाली होती, हे बायकोनं सांगितलं तेव्हा मला कळलं.

मग एका सकाळी दहाच्या ठोक्याला ती पोथी काखेत धरून पुढच्या दारानं रस्त्यावर उतरली. मी तेव्हा ओट्यावर जोडे घालत होतो. मला वाटलं, वाट चुकली की काय. ती चालू लागली, डोक्यावरून पदर घट्ट, नजर सरळ, घाई नाही. आमच्या बाजूच्या तीन घरांना अजून तिण्णै होती. तिथले पुरुष तिला लांबूनच बघून आत सरले, ती गेल्यावर निघाले. त्यांचं काही बिघडलं नाही.

बिघडलं ते बंगलेवाल्यांचं. तिण्णैवर बसलेल्या माणसाला गल्लीची दोन्ही टोकं दिसत. पोर्टिकोत उभ्या माणसाला फक्त आपले खांब दिसत. मामा काळा कोट, जरीची पगडी, मागं कागदांचं दप्तर घेतलेला गुमास्ता, अशा थाटात खांबांमधून बाहेर पडले आणि अक्काच्या अगदी पुढ्यात आले. ते गर्रकन वळले, गुमास्त्यावर आदळले, दप्तर गटारात गेलं. अक्का थांबली नाही. पुढं सातव्या घरी हेडक्लार्क भेटले, तेही तसेच आत पळाले. मी ओट्यावर बसून पोट धरून हसलो.

दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. मामांनी वेळ बदलून बघितली, पण कोर्टाची वेळ त्यांच्या हातात नव्हती. मग गुमास्ता आधी खांबाआडून मान काढून बघू लागला. तिकडून हेडक्लार्कांची मान, पलीकडून आणखी एकाची. साहेबाला चहाला बोलावणारे, इंग्रजी वर्तमानपत्र मोठ्यानं वाचणारे, जगाचा कारभार कसा चालावा हे सांगणारे हे लोक उंदरासारखे बिळातून डोकावत होते, आणि ती बिळं त्यांनी हौसेनं बांधली होती. मला इतका आनंद त्या गल्लीत पूर्वी कधी झाला नव्हता. कचेरीत मी रोज त्यांची नक्कल करून दाखवी.

मामांचा एक दावा गेला तेव्हा त्यांनी मला बोलावलं. या वेळी कॉफी साध्या पेल्यात आली.

‘‘त्या भिंतीत दार करून दे,’’ ते म्हणाले. ‘‘पण दार दिसायला नको. कपाट वाटलं पाहिजे.’’

मी तसा नकाशा काढला. दिवाणखान्याच्या समोरासमोरच्या दोन भिंतींत दोन सागवानी कपाटं, पितळी मुठी, काचेच्या तसबिरींच्या मध्ये बसवलेली. कपाट उघडलं की शेजारचा चौक. साहेबाला वाटावं, पुस्तकं असतील. काम बघून मामा खूश झाले आणि त्याच बैठकीत त्यांनी इंजिनिअरसाहेबांना माझ्यासाठी चिठ्ठी लिहिली. मामी मधल्या तीन घरांची दारं ओलांडून स्वतः आमच्याकडे आल्या आणि अक्काला म्हणाल्या, वाट उघडली, आता आतून या.

अक्का तांदूळ पाखडत होती. ‘‘वेंडाम, मामी,’’ ती म्हणाली. नको. ‘‘तुमच्या दिवाणखान्यांत काचेचं सामान फार. रस्ता बरा आहे. तिथं वारा लागतो.’’

ती रस्त्यानंच जात राहिली. हळूहळू काही फरक पडू लागला होता, हे मी खोटं सांगत नाही. गल्लीच्या तोंडाशी पानवाली बसे, ती अक्काला हाक मारी. मंदिराकडे फुलं नेणारा माणूस तिच्यासाठी बाजूला होई, अपशकुन म्हणून नव्हे, हातात पोथी दिसे म्हणून. एकदा ती नेहमीच्या तासापेक्षा उशिरा आली, तेव्हा कळलं की परतताना राजवाड्याच्या बाजूनं वळसा घालून आली. जन्म त्या राजवाड्याच्या सावलीत गेला आणि तिनं तो बाहेरून कधी नीट बघितला नव्हता. जेवताना तिनं मला त्याच्या बुरुजाला किती मजले ते विचारलं. मी सांगितलेला आकडा चूक होता, तिनं मोजून ठेवला होता. ती पुन्हा पोटभर जेवत होती.

आणि मग माझं बोलावणं आलं. बांधकाम खात्याच्या कचेरीत अकरा वाजता नकाशे घेऊन हजर व्हायचं होतं. मी सकाळी देवाला नमस्कार केला, उसना कोट चढवला, नकाशांची गुंडाळी काखेत घेतली. बायकोनं हातावर दही ठेवलं. मी वळलो तर पुढच्या दाराशी अक्का उभी. दहा वाजत आले होते, पोथी तिच्या काखेत होती, एक पाय उंबऱ्याबाहेर होता.

माझ्या तोंडून निघून गेलं, ‘‘अक्का, आज जरा मागं थांब. मी पुढं होतो.’’

 मी दोन महिने ज्यांना हसत होतो त्यांच्यातलाच एक तिच्यापुढे उसन्या कोटात उभा होता, आणि ते तिला माझ्याआधी कळलं. मी काहीतरी पुटपुटलो, एवढा एकच दिवस, नोकरीचं आहे. तिनं बाहेरचा पाय आत घेतला.

‘‘जा,’’ ती म्हणाली, ‘‘मी भिंतीकडे तोंड करते.’’

आणि तिनं खरंच भिंतीकडे तोंड केलं. मी तिच्या पाठीमागून बाहेर पडलो. थांबून तिला वळवावं, हात धरून पुढं घालावं, असं मनात आलं. पण अकराला कचेरी होती आणि मी चालत राहिलो.

नोकरी मिळाली. संध्याकाळी पेढे घेऊन आलो, अक्कानं देवापुढे ठेवले, मला चांगलं म्हणाली. दुसऱ्या दिवशी दहा वाजता मी ओट्यावर तिची वाट बघत होतो. ती आली नाही. आत जाऊन बघितलं, तर पोथी घेऊन मागच्या चौकातल्या लहान दारापाशी वाकत होती.

‘‘रस्त्यानं नाही जात?’’ मी विचारलं.

‘‘परक्यानं तोंड फिरवलं तर मी चालून दाखवीन,’’ ती म्हणाली. ‘‘घरच्यास काय दाखवूं?’’

त्यानंतर जिवंत होती तोवर ती रोज मामांच्या कपाटातून गेली. मी ते काढताना दार उंचीला कमी ठेवलं होतं, दिवाणखान्याच्या रूपाला ते शोभलं पाहिजे म्हणून. म्हातारपणी तिला त्यातून जाताना जमिनीला हात टेकावा लागे.